लाईट गेली का फोन जाते

"लाईट गेली का फोन बी जाते, बाई."

आमच्या बाबांची ही तक्रार मी बारा-तेरा वर्षे ऐकत होते. दर वेळी माझे उत्तर ठरलेले असे. "बाबा, फोनला लाईटचे काय? त्यात बॅटरी असते. सकाळी चार्ज केला की दोन दिवस चालतो." मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात विज्ञानही शिकवावे लागते. त्यामुळे समजावून सांगण्याची सवय जिभेलाच लागलेली. बाबा ऐकून घेत, मान हलवीत आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणत.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ मंडलात, पैनगंगेच्या काठी. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. उन्हाळ्यात पाणी उतरले की गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जाते. माझी आत्या पलीकडच्याच गावात दिली आहे. नदीच्या दोन्ही काठांवर कापूस तोच, पोळा तोच, बोली तीच. बाबांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातली राजुरा आणि किनवट ही ठिकाणे पलीकडे गेली आणि आमचा काठ आंध्र प्रदेशात राहिला. पुढे २ जून २०१४ ला तेलंगणा झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबाद जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. बाबा गमतीने म्हणत, "मी एका ओसरीवर बसून तीन राज्यं पाह्यली. ओसरी काही हालली नाही."

बाबांच्या हातात पहिला मोबाईल आला तो २००९ साली. मीच घेऊन दिला. बटनांचा, डोक्यावर टॉर्च असलेला, हातातून पडला तरी न फुटणारा. आई नुकतीच गेली होती. दादा-वहिनी दिवसभर शेतात. बाबांचा आवाज रोज कानावर पडावा, एवढाच हेतू. पहिल्या आठवड्यात सगळे छान चालले. दुसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन आला तोच रागावलेला. "पन्नास रुपयाचं रिचार्ज दोन दिवसांत उडालं. मी कोणाले फोन केला नाही. तूच करून राह्यली, अन पैसे माये जाऊन राह्यले."

रविवारी गावी गेले आणि घोळ लक्षात आला. आमच्या घराचे तोंड नदीकडे. पलीकडच्या गावात उंच टेकाडावर त्याच कंपनीचा टॉवर उभा होता. आमच्या बाजूचा टॉवर गावापासून लांब आणि मधे झाडी. ओसरीवर बसले की फोन पलीकडचा टॉवर पकडी आणि 'महाराष्ट्रात आपले स्वागत आहे' असा निरोप येई. मागच्या न्हाणीपाशी गेले की पुन्हा आंध्र प्रदेश. टेलिकॉमच्या हिशेबात आंध्र प्रदेश हे एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा हे दुसरे. सर्कल ओलांडले की रोमिंग. आपल्या सर्कलमध्ये येणारा फोन २००३ पासून फुकट झाला होता. पण रोमिंगमध्ये आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००७ मध्ये 'ट्राय'ने घालून दिलेली कमाल मर्यादा मिनिटाला १ रुपया ७५ पैसे होती. म्हणजे मी आदिलाबादहून पंधरा मिनिटे बोलले की बाबांचे पंचवीस रुपये गेलेच. बाबा घरातून हललेही नव्हते आणि परराज्यात जाऊन आल्याचे भाडे भरत होते.

त्या काळात नदीकाठच्या गावांत प्रत्येकाचा काही ना काही तोडगा होता. कोणी मारुतीच्या देवळामागे जाऊन बोले, कारण तिथे आपला टॉवर लागे. कोणी दोन सिम ठेवी. कोणी नुसता मिस्ड कॉल देई. एक वाजली तर 'पोचलो', दोन वाजल्या तर 'फोन कर'. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला वेगळा उपाय सांगितला. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क निवडायची जागा असते. तिथे 'ऑटोमॅटिक' असते, म्हणजे जो टॉवर मिळेल तो फोन स्वतः पकडतो. ते बदलून 'मॅन्युअल' करायचे आणि यादीतून आपले सर्कल निवडून ठेवायचे. मग फोन पलीकडे जातच नाही.

मी न्हाणीपाशी उभी राहून ते करून टाकले. बाबांना सांगितले, "आता पैसे जाणार नाहीत." खरोखरच गेले नाहीत. पन्नास रुपयांचे रिचार्ज महिनाभर पुरू लागले. बाबांनी गावभर माझे कौतुक सांगितले. मी ती गोष्ट विसरून गेले.

त्यानंतरच कधीतरी ते वाक्य सुरू झाले असावे. "लाईट गेली का फोन बी जाते."

आता २०२२ चा पावसाळा. १० जुलैला आषाढी एकादशी होती. दादा, वहिनी आणि माझी भाची पंढरपूरला गेले होते. वहिनीचा कित्येक वर्षांचा नवस होता. बाबांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. मी म्हटले, माझ्याकडे आदिलाबादला या. ते म्हणाले, "ढोरांकडे कोण पाहीन?" शेजारच्या काकू दोन वेळचे जेवण द्यायच्या होत्या. चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

पण त्या आठवड्यात पाऊस जो लागला तो थांबेचना. पैनगंगा फुगली. ओढ्यानाल्यांवरून पाणी जाऊन रस्ते बंद झाले. दादा परतीच्या वाटेवर नांदेडला अडकला. १३ तारखेच्या रात्री मी टीव्हीसमोर बसून कडेम धरणाच्या बातम्या पाहत होते. पाच लाख क्युसेकच्या वर पाणी येते आहे, धरण राहते की जाते, अशी ती रात्र होती. नऊच्या सुमारास बाबांना फोन लावला. नेहमीची तेलुगू टेप लागली, की तुम्ही फोन केलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. मनात आले, बॅटरी वाचवायला फोन बंद करून झोपले असतील. पुन्हा एकदा लावला. तीच टेप. मग मी कडेमच्या बातम्यांकडे वळले. हे मी आज लिहिते आहे, पण कित्येक महिने कोणाला सांगू शकले नव्हते.

सकाळी सहा वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. "ताई, बाबा पडले गोठ्यात."

रात्री दोनच्या सुमारास वासरू ओरडू लागले, म्हणून बाबा उठले होते. गोठ्यात पाणी शिरले होते. टॉर्चसाठी फोन हातात होता. शेणाच्या राडीत पाय घसरला आणि ते कुशीवर पडले. खुब्याचे हाड मोडले. उठता येईना. हाका मारल्या, पण पावसाच्या आवाजात शेजारी कोण ऐकणार? हातात फोन होता. माझा नंबर त्यांना पाठ होता. पहाटेपर्यंत त्यांनी तो किती वेळा लावला, ते मी नंतर फोनच्या यादीत पाहिले. एकामागून एक माझेच नाव. एकही फोन लागलेला नाही.

चार तास ते पाण्यात पडून होते. सकाळी काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा गोठ्यातून कण्हण्याचा आवाज आला. त्यांनी तिथेच उभ्या राहून आपल्या फोनवरून मला फोन लावला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. त्यांचाही फोन बटनांचाच, कंपनीही तीच. ओढ्याचे पाणी उतरायला दहा वाजले. मग गावातल्या पोरांनी बाबांना बाजेसकट ट्रॅक्टरमध्ये ठेवले आणि पक्क्या रस्त्यापर्यंत आणले. तिथून रुग्णवाहिका. दुपारी ते आदिलाबादच्या दवाखान्यात माझ्यासमोर होते. अंगात ताप, ओठ काळेनिळे. मला पाहून पहिले वाक्य काय बोलावे? "काकूच्या मोबाईलले लागते, मग माया काऊन नाही लागला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ऑपरेशन झाले. खुब्यात सळई बसली. बाबा दीड महिना माझ्याकडे होते. त्या दीड महिन्यात मी त्या फोनच्या मागे लागले. बंद करून चालू केला. पाठीमागचे झाकण काढून बॅटरी काढली, सिम काढले, त्याची पितळी बाजू कोरड्या कापडाने पुसली, पुन्हा बसवले. सिग्नल पूर्ण. आमच्या घराच्या आतल्या खोलीत नेला. पूर्ण. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्या मुलाने पाच मिनिटे पाहिले आणि हसून परत दिला. "मॅडम, फोन ठणठणीत आहे. असा फोन आता मिळत पण नाही." कंपनीच्या सेंटरवर विचारले, तर सिम चालू, रिचार्ज चालू, काही अडचण नाही.

दुखणे दवाखान्यात गेल्यावर दिसेनासे व्हावे, तसे चालले होते. शहरात सगळे ठीक. मग त्या रात्री काय झाले? शेवटी मीच निष्कर्ष काढला, की पावसाने सिग्नल गेला असेल. बाबांना तसे सांगितलेही. बाबा म्हणाले, "मग काकूच्या घरी पाऊस नोहता का?"

ऑगस्टच्या अखेरीस पोळा आला. बाबांनी हट्टच धरला, "माये बैल मले पाह्याचे हायेत." वॉकरसकट त्यांना गावी घेऊन गेलो. संध्याकाळी बैल दारात आले. वहिनीने पाय धुतले, पुरणपोळी चारली. बाबा ओसरीवर खुर्चीत बसून एकेकाच्या कपाळावरून हात फिरवीत होते. दुपारपासूनच गावात लाईट नव्हती. दिवेलागणीला बाबांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. काही बोलले नाहीत. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या नाहीशा झाल्या होत्या.

माझ्या फोनला दोन दांड्या होत्या. माझेही सिम त्याच कंपनीचे. दांड्यांशेजारी बारीक 'आर' हे अक्षर आले होते.

भाची त्या वर्षी दहावीत होती. तिने फोन हातात घेतला. "आत्या, आपण एकेक करून पाहू." एकेक गोष्ट बदलून पाहायची, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. स्वतःच्या घरी मला ते सुचले नव्हते. तिने आधी शेजारच्या काकूंचा फोन मागून आणला, कारण बाबांचे मोठे सिम आमच्या नव्या फोनांत बसत नव्हते. बाबांचे सिम काकूंच्या फोनमध्ये घातले. सिग्नल आला. काकूंचे सिम बाबांच्या फोनमध्ये घातले. सिग्नल नाही. म्हणजे सिम चांगले, रिचार्ज चांगले, दोष फोनमध्ये. दादा म्हणाला, "भंगारात टाक, मी उद्या नवीन आणतो." भाची म्हणाली, "बिघडला असता तर आदिलाबादला पण चालला नसता ना, बाबा." आणि तिने सेटिंग उघडले. एकेक पान पाहत गेली. मग थांबली.

"आत्या, हे मॅन्युअल कोणी करून ठेवलं?"

तेव्हा मला ती न्हाणी आठवली, २००९ सालचा तो रविवार आठवला, आणि पायाखालची जमीन सरकली.

त्या रात्री कळलेल्या आणि नंतर चौकशी करून समजलेल्या गोष्टी सांगते. फोनमध्ये बॅटरी असते, हे मी बाबांना सांगत होते ते खरे होते. पण फोन ज्याच्याशी बोलतो त्या टॉवरलाही वीज लागते, ही अर्धी गोष्ट मी सांगितलीच नव्हती. लाईट गेली की टॉवर बॅटऱ्यांवर चालतो. त्या काही तास पुरतात, जुन्या झाल्या की तेवढ्याही पुरत नाहीत. मग डिझेलचे जनरेटर. पुरात रस्ता बंद झाला की डिझेल पोचत नाही आणि टॉवर मुका होतो. पावसाने आपल्या हातातल्या फोनचा सिग्नल फारसा अडत नाही. पावसाने अडते ती वीज, तुटते ती जमिनीखालची केबल, आणि ज्या टॉवरांचा पुढचा जोड तबकडीसारख्या अँटेनांनी केलेला असतो, त्यांच्यातला संवाद मुसळधार पावसात बिघडू शकतो.

लाईट गेली, तासा-दोन तासांनी आमच्या बाजूचा टॉवर बंद पडला, की गावातल्या इतर लोकांचे फोन आपोआप पलीकडचा टॉवर धरत. नदीपलीकडची लाईट वेगळी, ती सहसा चालू असे. लोकांना कळतही नसे. फक्त बाबांचा फोन तेवढा आपल्याच बंद टॉवरची वाट पाहत बसे, कारण मी त्याला तसे सांगून ठेवले होते. पलीकडचा टॉवर हाकेच्या अंतरावर होता. फोनला तो दिसत होता. जायची परवानगी नव्हती.

आणि ज्या पैशांसाठी ही बंदी घातली, ते पैसे केव्हाच लागायचे बंद झाले होते. रोमिंगचे दर २०१३ मध्ये उतरले, २०१५ मध्ये आणखी उतरले आणि २०१७ च्या सुमारास बहुतेक मोठ्या कंपन्यांनी देशात रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनचे पैसे घेणेच सोडले. म्हणजे पाच वर्षे ते कुलूप नुसते लोंबत होते. आत वाचवण्यासारखे काही उरलेले नव्हते.

बाबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लाईट गेली की त्यांचा फोन जात होता. त्यांना कारण माहीत नव्हते, पण बारा वर्षे रोज पाहिलेले होते. मला अर्धे कारण माहीत होते आणि मी एकदाही पाहिले नव्हते. वर्गात एखादे पोर चुकीचे उत्तर देते तेव्हा मी विचारते, "तुला असं का वाटलं?" बाबांना मी हे कधी विचारले नाही.

वाचकांनी असे चुकू नये, म्हणून मी शिकलेल्या चार गोष्टी इथे सांगते. फोनचा सिग्नल गेला तर आधी शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन पाहा. त्याचाही गेला असेल तर टॉवरचा दोष. वाट पाहण्यावाचून इलाज नाही. घरात वायफाय असेल आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंगची सोय असेल, तर ती चालू करता येते. फक्त आपलाच गेला असेल तर विमानाचे चिन्ह असलेला एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा. फोन टॉवर नव्याने शोधतो. नाही जमले तर फोन बंद करून चालू करा. मग सिम काढून, पुसून, नीट बसवा. तरीही नाही, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. दोष सिममध्ये की फोनमध्ये, ते तिथेच कळते. जुन्या बटनांच्या फोनमध्ये नवीन कंपनीचे सिम घातले असेल, तर हेही पाहा, की ते सिम फक्त ४जीवर चालणारे तर नाही ना. तसे असेल तर त्या फोनला सिग्नल कधीच येणार नाही.

आणि आपल्यासारख्या नदीकाठच्या, सीमेवरच्या लोकांनी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' असावी. आणि स्मार्टफोन असेल तर 'डेटा रोमिंग' चालू असावे. नाहीतर फोन पलीकडच्या टॉवरवर गेला की बोलणे होते, पण इंटरनेट बंद पडते आणि आपण फोनला दोष देत बसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा नंबर नुसते फोन घेण्यापुरता असेल, तर रिचार्जकडेही लक्ष ठेवा. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयांहून कमी शिल्लक असेल, तर नंबर बंद होऊ शकतो. बँक आणि आधार त्याच नंबरला जोडलेले असतात. उलट, सगळ्यांचे फोन चालू असताना आपला चांगला चाललेला नंबर अचानक मेला आणि काही केल्या परत येईना, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. आपल्या नावाने दुसऱ्या कोणी नवे सिम काढले असण्याची शक्यता असते. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर आहे.

शेवटची गोष्ट मला सर्वात जड जाते. फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असे दिसत असेल, तर आपला टॉवर नसतानाही ११२ हा नंबर जवळच्या कोणत्याही टॉवरवरून लागू शकतो. त्या रात्री बाबांच्या फोनवर तेच शब्द असणार. इंग्रजीत. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही आणि मी त्यांना ११२ हा आकडा कधी सांगितलेला नव्हता. त्यांना एकच नंबर पाठ होता, माझा.

पोळ्याच्या त्या संध्याकाळी भाचीने 'मॅन्युअल' काढून 'ऑटोमॅटिक' केले. फोन काही क्षण शोधत राहिला. मग एकदम चार दांड्या उभ्या राहिल्या. अंधारात बाबांच्या हातात तो लहानसा पडदा उजळला. कोणीच काही बोलेना. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. मला वाटले, आता बाबा काहीतरी बोलतील. चार तास पाण्यात पडलेल्या माणसाला बोलायचा अधिकार होता.

मीच बोलले. "बाबा, हे मी करून ठेवलं होतं."

"मले माहीत हाय," बाबा म्हणाले. "न्हाणीपाशी उभी राहून केलं व्हतं तुनं. तवा माये पैसे वाचवले व्हते."

"पण नंतर..."

"नंतर कोण ध्यानात ठेवते बाई? म्या तरी कुठं ठेवलं?" आणि मग त्यांनी विषयच बदलला. "आता पलीकडचा टावर लागला ना? मग तुया आत्याले लाव."

आत्याला फोन लावून दिला. पलीकडच्या काठावर लाईट होती. तिच्या घरचे दिवे आमच्या ओसरीवरून बारीक दिसत होते. बाबा मोठ्याने बोलू लागले. त्यांना नेहमीच वाटते, की नदीपलीकडे बोलायचे तर आवाज मोठा हवा. "आक्के, पोळा झाला का तुया? बैल धुतले का? मी ओसरीवर बसलो हाय. तुया टावरवरून बोलून राह्यलो, तुया!" तिकडून आत्या काय म्हणाली कोण जाणे, बाबा हसले. जुलैनंतर मी त्यांना पहिल्यांदाच तसे हसताना पाहत होते.

आपल्या सीमेवर अशी कुलुपे खूप आहेत. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या चौदा गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आहेत. त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. ते मोठ्या माणसांचे काम. माझ्या हातात होते ते एवढेसे सेटिंग, आणि ते मी लावून विसरून गेले होते. एखाद्या काळजीपोटी आपण म्हाताऱ्या माणसांना काहीतरी नेमून देतो. इकडे जाऊ नका, हे खाऊ नका, याच्याशीच बोला. ती काळजी त्या वेळी खरी असते. पुढे कारण संपते आणि नेम तसाच राहतो. त्यांना तो बदलता येत नाही, आणि आपल्या लक्षात राहत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गावी जाते. बाबांचा फोन हातात घेते, सगळी पाने उघडून पाहते. रिचार्जची तारीख पाहते. एक नंबरच्या बटणावर ११२ घालून ठेवता येईना, म्हणून तो आकडा फोनच्या पाठीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. बाबा हसतात. म्हणतात, "परीक्षा झाली का मास्तरीणबाई? पास का नापास?"

मग मी त्यांच्याजवळ बसते आणि विचारते, "बाबा, या महिन्यात फोन कधी गेला होता? कसा गेला? तेव्हा काय काय झालं होतं?" आणि ते सांगतात ते शेवटपर्यंत ऐकते.